कोऱ्या कागदावरचा अंगठा

बीदर-कलबुर्गीकडील ज्या घरांत शेतजमिनीचे जुने दस्तऐवज अद्याप जपून ठेवलेले आहेत, त्या घरांतील पेटी उघडून पाहिली असता एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही. कागद उर्दूत असतो, शिक्का निजाम सरकारचा असतो, आणि खाली उमटलेला अंगठा मात्र घरात मराठी किंवा कानडी बोलणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याचा असतो. कागदात काय लिहिले आहे हे त्याने स्वतः वाचलेले नसे; वाचून दाखवणाऱ्याने जे सांगितले तेवढेच त्याने ऐकलेले असे. पुष्कळदा सांगणारा खरेच सांगत असे. जेव्हा तो खरे सांगत नसे, तेव्हा ते शेत गेल्यावरच कळे. १९४८ साली निजामी राजवट संपली, १९५६ साली हे जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले, कचेरीची भाषा बदलली, गावोगावी शाळा निघाल्या आणि अंगठ्याची जागा हळूहळू सहीने घेतली. न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवण्याचे दिवस सरले, असे आपण सारेच समजून चाललो होतो.

ती समजूत पुन्हा एकवार तपासून पाहावी असे आम्हांस वाटते. संगणकावर काम करीत असता मध्येच एक लहानशी चौकट उघडते. तीत बहुधा इंग्रजीत दोन-चार ओळी असतात, खाली दोन बटणे असतात, आणि हाती घेतलेले काम खोळंबू नये म्हणून आपण होकाराचे बटण दाबून मोकळे होतो. शिकलेला माणूसही ते दाबतो, न शिकलेलाही दाबतो. या महिन्यात आम्हांला लिहावयाचे आहे ते या होकाराविषयी, आणि त्यातही ब्राऊझरला जोडल्या जाणाऱ्या 'एक्स्टेन्शन' नामक पुरवण्यांना आपण जी परवानगी देतो तिच्याविषयी.

ज्या वडीलधाऱ्या वाचकांनी हा प्रांत मुलांवर सोपवलेला आहे, त्यांच्याकरिता प्रथम थोडा खुलासा केला पाहिजे. ब्राऊझर म्हणजे ज्या खिडकीतून आपण इंटरनेट पाहतो ती खिडकी. क्रोम, फायरफॉक्स, एज ही तिचीच निरनिराळी नावे. ही खिडकी मूळची साधी असते. पण तिला आपल्या सोयीप्रमाणे जोड देता येतो. जाहिराती अडवणारी जाळी, एका भाषेतील मजकूर दुसरीत आणणारा दुभाषी, पीडीएफची वर्ड फाईल करून देणारा कारकून, इंग्रजीचे व्याकरण तपासणारा मास्तर, खरेदीच्या वेळी सवलतीचे कूपन शोधणारा दलाल, असे नाना प्रकारचे मदतनीस या खिडकीशी आणून बसवता येतात. त्यांनाच एक्स्टेन्शन म्हणतात. त्यांतील बहुतेक फुकट मिळतात आणि दोन टिचक्यांसरशी कामाला लागतात. अँड्रॉइड मोबाईलवरील क्रोममध्ये ही सोय नसते, म्हणून हा प्रश्न मुख्यत्वे घरच्या, शाळेच्या आणि दुकानातील संगणकाचा आहे.

आपल्या सीमाभागाला यांपैकी दुभाष्याची गरज फार. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत घरची भाषा मराठी, परिपत्रकाची कानडी आणि पोर्टलची अर्धी कानडी व अर्धी इंग्रजी, अशी स्थिती ठायीठायी आढळते. एकाच कुटुंबाचे एक रान कर्नाटकाच्या 'पहाणी'त असते तर दुसरे महाराष्ट्राच्या 'सातबारा'त असते. लेक उदगीरला दिलेली असते, धाकटा सोलापुरास नोकरीला असतो. त्यामुळे सकाळी 'सेवा सिंधू'चे दार ठोठावावे आणि दुपारी 'आपले सरकार'चे, असा प्रसंग एकाच संगणकावर येतो. अशा वेळी पानावरची भाषा क्षणात बदलून देणारा कोणी मिळाला तर तो देवासारखा वाटावा यात नवल नाही. इंदूर, बडोदे वा हैदराबाद येथील आमच्या वाचकांचा अनुभवही याहून फारसा निराळा नसावा. परभाषेच्या कचेरीत जन्म काढणाऱ्याला दुभाष्याची किंमत सांगावी लागत नाही.

आता हा दुभाषी कामावर रुजू होताना काय मागतो ते पाहू. त्या चौकटीतील इंग्रजी वाक्याचा आशय साधारणपणे असा असतो: तुम्ही भेट द्याल त्या सर्व वेबसाइटवरील तुमची सर्व माहिती वाचण्याची आणि बदलण्याची याला परवानगी हवी आहे. या वाक्यातील 'सर्व' हा शब्द दोनदा आलेला आहे आणि तो दोन्ही वेळा अक्षरशः खरा आहे. ज्या पानाचा अनुवाद हवा तेवढेच पान त्यात येत नाही. बँकेचे पान, दवाखान्याचा अहवाल, मुलीच्या विवाहासाठी भरलेली माहिती, जावयास लिहिलेले पत्र, हे सारे त्यात येते. 'वाचणे' याचा अर्थ पडद्यावर दिसणारे वाचणे एवढाच नव्हे. आपण रकान्यांत जे टंकतो तेही त्यात आले. पासवर्ड टंकताना पडद्यावर जे ठिपके उमटतात ते शेजारी बसलेल्या माणसाच्या नजरेपासून झाकण्यापुरते असतात. पानाच्या आत शिरलेल्या एक्स्टेन्शनला त्या ठिपक्यांमागची अक्षरे वाचता येतात. आणि 'बदलणे' म्हणजे पानावर नसलेला मजकूर घालणे किंवा असलेला काढून टाकणे.

यावर काही वाचक म्हणतील की बँकेच्या पत्त्याजवळ तर कुलपाचे चिन्ह असते, मग भय कसले? शंका रास्त आहे. ते कुलूप खोटे नसते. परंतु त्याचे काम वाटेवरचे आहे. बँकेकडून आपल्याकडे येणारा मजकूर जणू लाखेची मोहोर केलेल्या पाकिटात येतो, आणि टपालवाल्याला ते पाकीट फोडता येत नाही. पण घरी आल्यावर पाकीट आपणच फोडतो आणि दिव्याखाली धरून पत्र वाचतो. त्या वेळी आपल्या खांद्यावरून डोकावणारा जो असेल, त्याला मोहोर काय अडवणार? एक्स्टेन्शनची जागा नेमकी तेथे, खांद्यामागे आहे.

दुसरी गोष्ट 'कुकी'ची. आपण एकदा नाव व पासवर्ड देऊन आत गेलो की ती वेबसाइट आपल्या ब्राऊझरजवळ एक चिठ्ठी ठेवते; पुढच्या प्रत्येक वेळी ती चिठ्ठी पाहूनच आपल्याला ओळखते. म्हणूनच ईमेल दररोज पासवर्ड मागत नाही. ही चिठ्ठी दुसऱ्याच्या हाती लागली तर पासवर्ड ठाऊक नसतानाही तो आपल्या नावाने आत जाऊ शकतो. येथे आम्हांला दामाजीपंतांची कथा आठवते. मंगळवेढ्याचे धान्य भुकेल्यांना वाटले म्हणून बेदरच्या बादशहाचा कोप झाला, आणि पंत पोहोचण्यापूर्वीच त्यांच्या नावाने कोणी एक जण दरबारी जाऊन सारा भरणा करून, पावती घेऊन गेला. दरबाराने नाव ऐकले, ऐवज पाहिला आणि पावती दिली. आलेला कोण याची चौकशी केली नाही. पंतांचे भाग्य थोर, म्हणून जाणारा साक्षात विठ्ठल होता. आपल्या नावाने परस्पर दरबारी जाणारा आजचा इसम भरणा करावयास जात नाही. बँकेच्या व्यवहाराला निदान ओटीपीचा आणखी एक अडसर असतो आणि तेथील चिठ्ठी काही मिनिटांतच निकामी होते. ईमेलची चिठ्ठी मात्र आठवडेच्या आठवडे चालते, आणि ईमेल हाती आले की बाकीच्या कुलपांच्या किल्ल्या तेथूनच नव्याने करून घेता येतात.

तथापि, जो वाचण्याची परवानगी मागतो तो चोरच, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दुभाष्याने पान वाचल्याशिवाय अनुवाद करावा तरी कसा? जाहिरात अडवणाऱ्याने पान बदलल्याशिवाय जाहिरात काढावी तरी कशी? अडचण अशी की प्रामाणिक दुभाषी आणि भामटा या दोघांच्या अर्जातले वाक्य एकच असते. चौकट आपल्याला अधिकार किती ते सांगते. त्या अधिकाराचा उपयोग कसा होणार ते सांगत नाही. म्हणून केवळ ते वाक्य वाचून निर्णय होत नाही. मागणारा कोण, त्याला एवढ्या अधिकाराची गरज खरोखर आहे काय, आणि उद्या त्याच्या जागी दुसरा कोणी आला तर काय, हे तीन प्रश्न आपणच विचारावे लागतात.

हे प्रश्न कल्पनेतले नाहीत, हे दाखवण्यास गेल्या दहा वर्षांतील काही घटना पुरेशा आहेत. 'वेब ऑफ ट्रस्ट' या नावाचे एक एक्स्टेन्शन होते. कोणती वेबसाइट विश्वासाची आणि कोणती नाही हे सांगणे हाच त्याचा व्यवसाय. २०१६ च्या नोव्हेंबरात जर्मनीतील एनडीआर या नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थेने उघड केले की त्याच्या वापरकर्त्यांनी कोणकोणती पाने पाहिली याची माहिती विकली जात होती, आणि तीवरून माणसे ओळखता येत होती. विश्वासाचे दाखले देणाराच असा निघाला. २०१९ च्या जुलैत सॅम जदाली या संशोधकाने आणखी आठ एक्स्टेन्शनांचा असाच व्यवहार उजेडात आणला. त्याची झळ सुमारे ४१ लाख लोकांपर्यंत पोहोचलेली होती, आणि बाहेर गेलेल्या माहितीत करविवरणपत्रे, रुग्णांची नावे आणि प्रवासाची वेळापत्रके होती.

आपल्या देशातही याची दखल घेतली गेली. २०२० च्या जूनमध्ये शंभरांहून अधिक घातक एक्स्टेन्शने गूगलने आपल्या दुकानातून काढून टाकली. ती तोवर ३ कोटी २० लाखांहून अधिक वेळा उतरवून घेण्यात आली होती. त्यानंतर जुलैत भारत सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेने जनतेला सावधगिरीचा इशारा दिला. ती एक्स्टेन्शने पडद्याची छायाचित्रे घेऊ शकत, कॉपी केलेला मजकूर वाचू शकत, कुकी उचलू शकत आणि टंकलेली अक्षरे टिपू शकत. त्यांची बाह्य रूपे कोणती होती? शोध सुलभ करून देणारी, फाईल एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात नेणारी, आणि सुरक्षिततेची तपासणी करणारी! शाळा-कचेऱ्यांतून ज्यांचा नित्य खप आहे अशीच ही रूपे.

याहून अधिक विचार करावयास लावणारी हकीकत 'द ग्रेट सस्पेंडर' या एक्स्टेन्शनची आहे. न वापरलेली पाने झोपवून संगणकावरील भार हलका करणारे हे साधन अनेक वर्षे चांगले चालले. २० लाखांहून अधिक लोक ते वापरीत. २०२० च्या जूनमध्ये त्याच्या कर्त्याने ते एका अज्ञात पक्षाला विकले. नव्या मालकाने आतला मजकूर बदलला आणि २०२१ च्या फेब्रुवारीत गूगलला ते घातक ठरवून सर्वांच्या संगणकांवर बंद करावे लागले. वापरणाऱ्यांनी काय केले होते? काहीच नाही. त्यांनी चांगल्या माणसाला अधिकार दिला होता; माणूस बदलला, अधिकार तसाच राहिला. एक्स्टेन्शनच्या नव्या आवृत्त्या आपोआप येतात. नवी आवृत्ती पूर्वीपेक्षा अधिक अधिकार मागत असेल तर ब्राऊझर आपल्याला पुन्हा विचारतो. परंतु आपण आरंभीच 'सर्व' देऊन बसलो असू तर विचारावयाचे उरतेच काय?

आमच्या वाचकांत जमिनीचे व्यवहार केलेले पुष्कळ आहेत, म्हणून त्यांच्या परिभाषेत सांगतो. खास मुखत्यारपत्र आणि कुलमुखत्यारपत्र यांतील भेद आपण जाणतो. एका शेताच्या एका दाव्यापुरता अधिकार देणे वेगळे, आणि आपल्या साऱ्या मिळकतीचे सर्व व्यवहार करण्याचा अधिकार देणे वेगळे. पहिले आपण वकिलालाही देतो. दुसरे सख्ख्या भावाला देतानाही रात्रभर विचार करतो. शिवाय कुलमुखत्यार झाला तरी तो आपले मुखत्यारपत्र बाजारात विकू शकत नाही. एक्स्टेन्शनला दिलेली सरसकट परवानगी ही कुलमुखत्यारपत्राहूनही सैल आहे, कारण विक्रीबरोबर ती नव्या धन्याकडे जाते आणि त्याची नोटीसही आपल्या दारी येत नाही.

कर्ता प्रामाणिक असून आणि त्याने विक्री केली नसूनही धोका उद्भवू शकतो. 'सायबरहेवन' ही कंपनी इतरांची माहिती सुरक्षित राखण्याचाच धंदा करते. २०२४ च्या नाताळात तिच्या एका कर्मचाऱ्याला गूगलच्या दुकानाकडून आल्याचे भासवणारे पत्र आले: तुमचे एक्स्टेन्शन नियमभंगामुळे काढले जाईल, त्वरित कारवाई करा. तो दुव्यावर गेला, समोर परवानगीची चौकट आली, आणि 'प्रायव्हसी पॉलिसी एक्स्टेन्शन' अशा सोज्वळ नावाच्या एका कार्यक्रमाला त्याने होकार दिला. त्याचा पासवर्ड चोरीस गेला नव्हता, दुहेरी पडताळणीचे सारे अडसर जागच्या जागी होते. पण होकार त्याने स्वतःच दिल्यामुळे ते कामी आले नाहीत. चोरांनी त्या अधिकाराने कंपनीच्या एक्स्टेन्शनची बनावट आवृत्ती चढवली. ते एक्स्टेन्शन वापरणारे सुमारे ४ लाख लोक होते. जाणकाराच्या हातूनही घाईत असे बटण दाबले जाते, हे या घटनेवरून दिसते.

आता आम्ही ज्या कारणासाठी हा विषय हाती घेतला त्याकडे वळतो. शाळेत वार्षिक नोंदी भरण्याचे दिवस होते. 'सॅट्स' आणि 'यूडायस प्लस' या पोर्टलांवर विद्यार्थिगणिक माहिती भरावी लागते: नाव, आई-वडिलांची नावे, जन्मतारीख, जात, अपंगत्व असल्यास त्याची नोंद; शिष्यवृत्तीच्या कामी उत्पन्नाचा दाखला आणि बँकखाते. आमचे एक तरुण सहकारी हे काम झपाट्याने करतात. त्यांच्या शेजारी बसलो असता ब्राऊझरच्या कोपऱ्यात चित्रांची एक लांबच लांब रांग दिसली. मोजली तर एक्स्टेन्शने अकरा निघाली. यांतील चार कोणी बसवली हे कोणासच ठाऊक नव्हते. एक अनुवादाचे होते, ते त्यांनी स्वतः घेतले होते. त्याला कोणता अधिकार दिला आहे असे विचारताच ते हसून म्हणाले, "सर, ते तर सगळेच विचारतात. नाही म्हटलं तर चालतच नाही. आणि आपल्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय?"

प्रश्न मोकळेपणाने विचारलेला होता आणि तो पुष्कळांच्या मनात असतो. आम्ही त्यांना पडद्यावरची नोंद वाचावयास सांगितली. ती एका मुलीची होती. वडील हयात नाहीत, आई ऊसतोडीला जाते, मुलगी आजीजवळ राहते. जात, उत्पन्न, खातेक्रमांक, सारे एका पानावर. आम्ही म्हटले, "हे तुमचे नाही आणि आमचेही नाही. या मुलीने ते शाळेला दिले. ते आणखी कोणाला वाचू द्यावे असे तिच्या आजीने कधी म्हटले होते काय?" ते गप्प राहिले. थोड्या वेळाने त्यांनी उलट विचारले, "सर, मग पालकांना कानडी परिपत्रक मराठीत कोण करून देणार? रात्री दहापर्यंत मीच बसतो." हा प्रश्नही तितकाच खरा होता, आणि नुसता उपदेश करून तो सुटणारा नव्हता.

शेवटी दोघांनी मिळून तोड काढली. परिपत्रक हा सार्वजनिक कागद. त्याचा अनुवाद यंत्राकडून खुशाल करून घ्यावा. विद्यार्थ्यांच्या नोंदी ज्या ब्राऊझरमध्ये उघडावयाच्या त्यात मात्र एकही एक्स्टेन्शन असू नये. त्याच संगणकावर दोन ब्राऊझर ठेवले. एक नोंदींचा, एक इतर कामांचा. पिण्याच्या पाण्याची घागर आणि धुण्याची बादली आपण वेगळी ठेवतोच ना? जी चार कोणाची म्हणून सापडेनात ती काढून टाकली, आणखी पाचांची गरज उरली नव्हती म्हणून तीही गेली. काम थोडे हळू झाले. नोंदी मात्र वेळेत भरल्या गेल्या.

आपण दिलेल्या होकाराने दुसऱ्याचे गुपित उघडे पडते, हा या विषयाचा गाभा आहे. शिक्षकाच्या संगणकात विद्यार्थी असतात, डॉक्टरांच्या संगणकात रोगी, हिशेबनिसाच्या संगणकात गिऱ्हाइके आणि गृहिणीच्या पत्रव्यवहारात सारा गोतावळा. 'मला लपवण्यासारखे काही नाही' हे वाक्य माणसाने स्वतःपुरते म्हणावे. इतरांच्या वतीने ते म्हणण्याचा अधिकार त्याला नसतो.

या अधिकाराला आपल्या देशात कायद्याचे अधिष्ठान मिळवून देणारे गृहस्थ कर्नाटकाचेच होते, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असेल. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी वयाच्या ऐंशी वर्षांनंतर, २०१२ साली, आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यातून उद्भवलेल्या प्रश्नावर नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निर्णय दिला की खासगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. पुट्टस्वामी २०२४ च्या ऑक्टोबरात निवर्तले. त्यांच्या नावाचा तो निकाल आता देशभर उद्धृत होतो.

त्यापाठोपाठ २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. संमती ही स्वेच्छेची, विशिष्ट हेतूची, समजून-उमजून दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी, आणि ती देणे जितके सोपे तितकेच परत घेणेही सोपे असावे, असे तो सांगतो. त्यात एक मार्मिक उदाहरण दिलेले आहे: दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या अॅपने रोग्याकडे त्याच्या मोबाईलमधील संपर्कयादीही मागितली आणि त्याने 'हो' म्हटले, तरी सल्ल्यासाठी त्या यादीची गरज नसल्यामुळे ती संमती सल्ल्यापुरतीच धरली जाईल. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती आवश्यक केलेली आहे. आणि आपल्यासारख्यांच्या दृष्टीने विशेष म्हणजे, संमतीची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीसपैकी कोणत्याही भाषेत मिळण्याचा पर्याय नागरिकाला असला पाहिजे. हा पर्याय राज्यागणिक बदलत नाही. भालकीच्या किंवा बडोद्याच्या मराठी माणसाला ती मराठीत मागता येईल. परक्या भाषेत न वाचता होकार देण्याची वहिवाट मोडण्याच्या दिशेने हे मोठेच पाऊल म्हटले पाहिजे.

परंतु कायद्यावर विसंबून स्वस्थ बसण्याची वेळ आलेली नाही. या कायद्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले आणि त्यांतील मुख्य बंधने त्यापुढे अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची, असे त्यांतच म्हटले आहे. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. पण तो सरकारी तिजोरीत जमा होतो, ज्याची माहिती गेली त्याच्या हाती पडत नाही. शिवाय ज्या एक्स्टेन्शनच्या कर्त्याचा एका ईमेलपलीकडे ठावठिकाणाच नाही, त्याच्यावर समन्स बजावावयाचे कोठे? तेव्हा आपल्या दाराची कडी आपणच लावली पाहिजे.

त्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. क्रोममध्ये वरच्या उजव्या कोपऱ्यात कोड्याच्या तुकड्यासारखे एक चिन्ह असते. ते दाबले की एक्स्टेन्शनची यादी दिसते. जे कोणी बसवले ते आठवत नाही आणि ज्याचे काम आता पडत नाही, ते काढून टाकावे. जे ठेवावयाचे त्याला 'सर्व वेबसाइट' ऐवजी 'क्लिक केल्यावर' किंवा 'या वेबसाइटपुरते' असा अधिकार द्यावा. ही सोय तेथेच असते. म्हणजे दुभाषी दाराबाहेर बसतो आणि हाक मारली तरच आत येतो. बँक, दवाखाना, शाळा यांच्या कामासाठी एकही एक्स्टेन्शन नसलेला निराळा ब्राऊझर ठेवावा. एखादे गणकयंत्र किंवा पडद्याचा रंग बदलणारे खेळणे जर सर्व पाने वाचण्याचा अधिकार मागू लागले, तर ते बसवूच नये.

झेरॉक्स-नेट सेंटरवर जाणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. तेथील संगणकात काय काय बसवलेले आहे हे दुकानदारालाही पुष्कळदा माहीत नसते. 'अतिथी' म्हणजे गेस्ट खिडकी उघडून देण्यास त्याला सांगावे; तीत एक्स्टेन्शने चालत नाहीत. काम संपल्यावर लॉग आऊट करावे, आणि तेथील ब्राऊझरला आपले गूगल खाते कधीही जोडू नये. एखाद्या एक्स्टेन्शनचा संशय आलाच तर ते नुसते काढून भागत नाही, कारण गेलेली माहिती परत येत नाही आणि चोरलेली चिठ्ठी चालूच राहते. दुसऱ्या, खात्रीच्या संगणकावरून पासवर्ड बदलावा आणि खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन सर्व उपकरणांवरून बाहेर पडावे. म्हणजे जुनी चिठ्ठी रद्द होते.

ही कामे एका रविवारी दुपारच्या जेवणानंतर आटोपतील एवढीच आहेत. आमची सूचना अशी की ती घरातील एकट्यादुकट्याने करू नयेत. आपल्या घरांत तीन-चार भाषा वावरतात. कोणाला इंग्रजी येते, कोणाला कानडी, आजी-आजोबांना मराठीवाचून दुसरे नको असते. ज्याला चौकटीतली भाषा येते त्याने ती मोठ्याने वाचावी, तिचा अर्थ मराठीत सर्वांना सांगावा, आणि सर्वांना पटले तरच बटण दाबावे. नातवाने आजोबांना एकदा तरी असे वाचून दाखवावे, आणि वाचताना एक शब्दही गाळू नये.